मांडेकाठचा मुक्काम

पुणे-बंगळूर हमरस्त्याने दक्षिणेकडे जाणारा प्रवासी उंब्रज या गावास बहुधा एका थांब्यापलीकडे ओळखत नाही. महामार्गाच्या उंच भरावाने गाव नजरेआड केले आहे. त्या भरावावरून धावणाऱ्या वाहनांतील मंडळींस, खाली तारळी नदी कृष्णेस मिळते, तेथे समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे, आणि गावातून पश्चिमेकडे फुटणारी वाट माजगाव-चाफळच्या रम्य खोऱ्यात शिरते, याची वार्ताही नसते. मला हमरस्त्यांचा मनापासून तिटकारा आहे. ज्या रस्त्यावर उभे राहून वाटसरूस गावाची खबर विचारता येत नाही, तो कितीही रुंद असला तरी प्रवासाच्या कामाचा नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पौषात, पालच्या खंडोबाची यात्रा नुकतीच उलगडलेली असताना आणि कित्येक उंबऱ्यांवर भंडाऱ्याची पिवळी छटा अजून टिकून असताना, भरावाच्या सावलीतून बाहेर पडून मी उंब्रजच्या पेठेत शिरलो, तेव्हा मला मोठे समाधान वाटले.

निमित्त माझ्या भाचीचे होते. ती त्या परिसरातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, आणि तिसरी-चौथीच्या मुलांचे एक मुक्कामी शिबिर चाफळजवळ मांड नदीच्या काठी भरविण्याची तिने तजवीज केली होती. ‘मामा, रात्री मुलांना गोष्टी सांगायला तुम्ही पाहिजेच,’ असा तिचा निरोप आला आणि मी विनाविलंब होकार कळविला. शहरांतील शाळा हल्ली लहान मुलांना ज्या शिबिरांस नेतात, त्यांतील काही मी पाहिली आहेत. दोरखंडावरून घसरणे, रबरी नावेत बसणे, रात्री ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात नाचणे आणि वाढलेली ताटे उचलणे, एवढा कार्यक्रम आटोपून परतलेले मूल रानात राहून आले असे म्हणणे मला जड जाते. त्यापेक्षा पूर्वीच्या शाळांतून वर्षातून एकदा होणारे वनभोजन, ज्यात सरपण गोळा करण्यापासून पत्रावळी उचलण्यापर्यंत सारे मुलांच्या हातून होत असे, मला शतपटीने श्रेष्ठ वाटते; आणि भाचीचे शिबिर त्या जातीचे होते.

तिने कब-बुलबुल पथकांचे प्रशिक्षण घेतले आहे. 1907 साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलगे नेऊन तंबू ठोकले, आणि पुढे 1916 साली त्याहून लहान मुलांसाठी जे पथक काढले त्यास किपलिंगच्या जंगलकथांतील लांडग्यांच्या कळपाची रचना दिली. त्या कथांचे अरण्य सिवनीचे. तेव्हा तेथला अकेला हा लांडगा विलायतेस जाऊन पथकनायकाच्या रूपाने आपल्या प्राथमिक शाळांत परत आला, ही हकीकत मला नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे. भाचीला मुले शाळेत बाई म्हणतात आणि पथकाचा गणवेश चढविला की अकेला म्हणतात. ती दोन्ही हाकांना सारख्याच तत्परतेने ओ देते.

उंब्रजच्या मठातील मारुतीपुढे नारळ वाढवून मुलांची रवानगी झाली. शके 1571 मध्ये स्थापिलेली ही मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची आहे असे सांगताच, ज्यांच्या घरी तागाचे दोर वळले जातात अशा दोन मुलांनी इतक्या आदराने मान हलविली, की देवापेक्षा कारागिरावर त्यांची श्रद्धा अधिक बसली असावी. माझे कुतूहल मात्र माजगावने खेचून घेतले. या गावच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक पाषाण होता व ग्रामरक्षक म्हणून लोक त्याची पूजा करीत. समर्थांनी त्याच पाषाणावर मारुती कोरविला, असे सांगतात. गावाने मानलेला दगड उखडून न टाकता त्याच्याच अंगावर नवे दैवत उमटविण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. ‘मग घोडा कुठं गेला?’ असे एका मुलाने विचारले, आणि मूर्तीच्या मागे वाकून वाकून साऱ्या वर्गाने त्या घोड्याचा शोध घेतला. चाफळच्या राममंदिरात आम्ही फार वेळ थांबलो नाही. डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर ते नव्याने बांधलेले, प्रशस्त व स्वच्छ असे मंदिर आहे. परंतु मुलांना भूक लागली होती, आणि भुकेल्या मुलांस संगमरवर दाखविण्यात अर्थ नसतो.

या साऱ्या प्रवासात लिहून ठेवावे असे जे घडले, ते मांडेच्या काठी एका चुलीपाशी घडले.

शिबिराचा शिरस्ता असा होता, की प्रत्येक मुलाने घरून शिधा आणावा: मूठभर तांदूळ, अर्धी मूठ डाळ, एक कांदा, आणि जमल्यास एखादी शेणी. तांदूळ एकाच पोत्यात ओतले गेले आणि त्यातून पहिली अडचण उभी राहिली. कोणी शिधापत्रिकेवरचा जाड तांदूळ आणला होता, कोणी घरच्या वावरातला इंद्रायणी, कोणी पाहुण्यांसाठी राखलेला जुना आंबेमोहोर. शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या मावशींनी पोत्यात हात घालून ते मिश्रण तळहातावर घेतले आणि हे एका अधणात एका वेळी शिजायचे नाही, असा निर्वाळा दिला. तोवर नदीकाठी दुसरी अडचण चालू होती. मुलांनी पात्रातील गुळगुळीत गोटे उत्साहाने वाहून आणून तीन चुली मांडल्या होत्या आणि काडेपेटी रिकामी होत आली तरी एकही चूल पेटत नव्हती.

तेव्हा मागे उभी असलेली एक मुलगी पुढे आली. अंगावर शाळेचा गणवेश होता, पण तो दुसऱ्या कोणाचा उतरलेला असावा. पायांत काही नव्हते. ‘आजोबा, ते नदीतले धोंडे नका लावू,’ ती मला म्हणाली. ‘तापले की फुटतेत.’

‘आगं, मग कुठलं आणायचं ते सांग की!’ एक मुलगा वैतागून ओरडला.

तिने उत्तर दिले नाही. ती शेजारच्या उसाच्या रानाकडे गेली, बांधावरचे तीन काळे, कोरडे, खडबडीत धोंडे एकेक करून आणले, मूठभर माती वर उधळून वाऱ्याची दिशा पाहिली, आणि चुलीचे तोंड त्या बेताने ठेवले. ‘वारं कुठून यायलंय ते बघावं आधी,’ एवढेच म्हणाली. मग ती तुटलेल्या फडातून पाचट घेऊन आली. पाचट मोकळे पेटविले तर क्षणात भडकून राख होते, हे शेतकऱ्याच्या पोरांनाही ठाऊक होते. तिने ते मांडीवर घेऊन दोरासारखे पिळले, त्याची गच्च वळी केली, तिच्या टोकाला काडी लावली आणि वर बारीक काटक्या रचल्या. वळी सावकाश धुमसत राहिली, काटक्यांनी जाळ धरला. पहिली चूल पेटताच मुलांचा सारा घोळका तिच्याभोवती जमला आणि उरलेल्या दोन चुली मांडण्याचे अधिकार कोणीही न देता तिच्याकडे गेले.

‘मामा, ही आमची बीडकडची,’ भाची हळू आवाजात मला म्हणाली. ‘कारखाना सुरू झाला की येते, हंगाम संपून पट्टा पडला की जाते. वर्गात तोंडातून शब्द काढत नाही.’

कृष्णाकाठच्या या सुपीक पट्ट्यातील ऊस तोडण्यासाठी दरसाल बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून हिशेबात धरली जाते, आणि त्या कोयत्यामागे जी मुले ओढली जातात ती अर्धे वर्ष एका शाळेत व अर्धे दुसऱ्या शाळेत नाव लावून असतात. शिक्षण हमी पत्रकावर त्यांची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. अभ्यास मात्र प्रत्येक वेळी वाटेत कोठेतरी अर्धवट सुटतो. ही मुलगी चौथीत होती आणि तिला जोडाक्षरे नीट वाचता येत नव्हती. तिची आई पहाटे अंधारात फडावर जाते, तेव्हा धाकट्या भावाला सांभाळणे आणि दोघांपुरते शिजविणे हे काम तिच्याकडे असते. चूल पेटविण्याचे तिचे कसब मी डोळे भरून पाहिले, पण ते कसब तिला कोणत्या किमतीस पडले आहे हे कळल्यावर माझ्या कौतुकास एक बोच लागली, ती अजून गेलेली नाही.

तांदळाचा प्रश्न मावशींनी सोडविला. सुटा भात करण्याचा हट्ट सोडून त्यांनी डाळ, तांदूळ, कांदा आणि रानातला ओला वाटाणा एकत्र वैरला, पाणी सढळ हाताने घातले, आणि जाडातला जाड दाणा मऊ होईपर्यंत झाकण काढू दिले नाही. बारीक तांदूळ विरघळून गेला, जाड टिकला. त्या मुलीने शिध्यात तांदूळ आणला नव्हता. तिच्या ओढणीच्या गाठीत जोंधळ्याचे पीठ होते, कारण कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, भात क्वचित होतो. मावशींनी ते पीठ निराळे ठेवले, आणि खिचडी उतरल्यावर तिसऱ्या चुलीवर तवा टाकून तिला खूण केली. नऊ-दहा वर्षांच्या हातांनी थापलेल्या त्या भाकऱ्या लहान होत्या, पण काठापर्यंत सारख्या होत्या आणि प्रत्येक भाकरी टम्म फुगली. मुलांनी त्या चतकोर चतकोर वाटून घेतल्या. पंगतीत जो तो खिचडीत आपल्या घरचा दाणा शोधत होता, ‘हा आमचा, हा तुमचा’ असा वाद रंगला होता, आणि भाकरीविषयी मात्र कोणाचा वाद नव्हता. वाटाण्याचा गोडवा, पाचटाच्या धुराचा किंचित वास आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा, अशी ती खिचडी मी दोनदा मागून घेतली.

जेवताना मला काले गावाची आठवण झाली. कऱ्हाड तालुक्यातील काले येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातींची मुले स्वतः रांधून एका पंगतीस बसत. कृष्णेच्या या खोऱ्यास एकत्र शिजविलेल्या अन्नाचे शिक्षण नवे नाही. तिकडे पालघरच्या बाजूला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, ती याच तत्त्वावर, की मूल जेथे असेल तेथे शिक्षकाने गेले पाहिजे. ताराबाईंचे ते काम मला आपल्या प्राथमिक शिक्षणातील सर्वांत मोठ्या कामांपैकी एक वाटते, आणि आपल्या शिक्षणखात्याने त्यातून जेवढे घ्यावयास हवे होते तेवढे घेतले नाही, हे माझे जुने दुःख आहे.

रात्री शेकोटीभोवती माझ्या गोष्टींची पाळी आलीच नाही. इतर मुलांसाठी तंबू हा अपूर्व सोहळा होता. तिला त्याचे विशेष काही वाटले नाही, आणि का वाटले नाही हे एकाने विचारल्यावर ती बोलू लागली. कोपीला बांबू किती लागतात, वर पाचट कसे शाकारतात, ताडपत्री कोणत्या बाजूने बांधतात, पहाटे गाडी भरताना आई उसाच्या वाढ्यांचा पिळा करून मोळी कशी आवळते, आणि दार नेहमी वाऱ्याकडे पाठ करून का ठेवावे, हे तिने कमालीच्या तपशिलाने सांगितले. मुले एकामागून एक प्रश्न विचारीत होती. ‘तू वर्गात कामून बोलत नाहीस?’ असे एका मुलाने तिच्याच बोलीत, पण चिडविण्याचा लवलेशही न ठेवता, विचारले. ती म्हणाली, ‘तिथं ह्यातलं काही इचारीतच नाईत.’

भाचीने त्या उत्तराची आपल्या वहीत नोंद केली. शेकोटी विझत आली तेव्हा तिने मुलीस जवळ बसवून कोपीची सारी हकीकत तिच्याच शब्दांत फळ्याच्या तुकड्यावर लिहिली आणि तिच्याकडून वाचून घेतली. ‘ताडपत्री’तील जोडाक्षर तिने दुसऱ्या खेपेस अचूक वाचले.

दुसरा दिवस सूर्यनमस्कार, शिंगणवाडीची टेकडी, रामघळ आणि परतीची वाट यांत सरला.

आपल्या तालुक्यांतील मुख्याध्यापकांस माझी एक विनंती आहे. गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, आणि पुष्कळ शाळा आपली शिबिरे व सहली परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे टोळ्या आपापल्या गावी परतल्यानंतर, काढतात. ती पौष-माघात काढावी. हजेरीपटाच्या अखेरीस ज्यांची नावे हंगामापुरती चढविलेली असतात, त्यांच्या आईबापांची परवानगी चिठ्ठी पाठवून मागू नये, कारण ती वाचून दाखविणारे तेथे कोणी असेलच असे नाही. शिक्षकाने स्वतः जावे. दिवसा ती माणसे फडावर असतात. अंधार पडल्यावर कोपीवर भेटतात.