माणसांना ‘प्रश्न’ म्हटलं की ‘उत्तर’ शोधणारे येतातच

आम्ही उचगावचे. गावाला लागून गांधीनगरची बाजारपेठ आणि पुढे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, या वळिवड्यात पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित छावणीत राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभं राहिलं. इतका इतिहास उशाला असताना आमच्याच भागातली पोरं मोबाईलवर हिटलरचे स्टेटस ठेवतात, ‘असा कडक माणूस पाहिजे’ म्हणतात. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर ‘माईन काम्फ’चा मराठी अनुवाद थाटात मांडलेला असतो. त्यात आपली, निळा झेंडा घेणारी पोरंही असतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यू मारले. पण त्यांच्या कागदपत्रांत ‘मारले’ हा शब्द शोधावा लागतो. तिथे ‘अंतिम उपाय’ आहे, ‘विशेष वागणूक’ आहे, ‘पूर्वेकडे पुनर्वसन’ आहे. हे शब्द आले कुठून?

पहिली गोष्ट ही, की त्यातले बरेच शब्द हिटलरने घडवलेले नाहीत. ‘ज्यू प्रश्न’ हा शब्द युरोपात शंभर वर्षं आधीपासून रुळला होता. ब्रुनो बाउअरने १८४३ मध्ये त्याच नावाची पुस्तिका लिहिली आणि मार्क्सने पुढच्या वर्षी तिला उत्तर दिलं. ज्यूंचा स्वतंत्र देश मागणाऱ्या थिओडोर हर्झलनेही १८९६ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘ज्यू प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न’ म्हटलं. म्हणजे शब्द सभ्य लोकांच्या तोंडचा होता. नाझींनी तो उचलला. आधी ‘उपाय’ म्हणजे ज्यूंना देशाबाहेर घालवणं होतं. १९४० मध्ये त्यांना मादागास्कर बेटावर नेऊन टाकायची योजना होती. मग त्याच शब्दाचा अर्थ कत्तल झाला. अर्थ बदलला तरी शब्द तोच राहिला, त्यामुळे फायलीवर सही करणाऱ्या बाबूला आपण वेगळं काही करतोय असं वाटायचंही कारण उरलं नाही.

२० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वान्झे इथे पंधरा अधिकारी बसले. इतिवृत्तात युरोपातल्या एक कोटी दहा लाख ज्यूंची देशवार यादी आहे, पण ठार मारण्याचा सरळ उल्लेख नाही. पुढे १९६१ मध्ये जेरुसलेमच्या खटल्यात आइकमनने कबूल केलं की बैठकीत मारण्याबद्दल उघड बोलणं झालं होतं, कागदावर मात्र भाषा धुऊन आली. ‘विशेष वागणूक’ हा शब्द तर १९३९ पासूनच पोलिसांच्या हुकमात खटल्याशिवाय ठार मारण्यासाठी वापरात होता. तो इतका उघड झाला की १९४३ मध्ये हिमलरने एका आकडेवारीच्या अहवालातून तो काढायला लावला. पांघरूण फाटलं की नवीन पांघरूण!

आणि ही भाषा फक्त फायलीपुरती नव्हती. १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सात उपाशी ज्यूंना सांगितलं गेलं, ‘पुनर्वसना’साठी स्वतःहून या, तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळेल. गाड्या गेल्या ट्रेब्लिंकाच्या गॅस चेंबरकडे. तिथे शब्दच सापळा झाला होता.

वळिवड्यात आलेले पोल बहुतेक कॅथलिक होते. त्यांना हिटलरने नव्हे, स्टालिनच्या राजवटीने १९४० पासून घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं. कागदावर त्यांचं नाव होतं ‘विशेष वसाहतकरी’. १९४१ मध्ये सुटका झाली, तिला म्हटलं ‘माफी’. ज्यांनी गुन्हा केला नाही त्यांना माफी! तेव्हा हा रोग एका देशाचा किंवा एका झेंड्याचा नाही. जिथे सत्तेला हिशेब द्यायचा नसतो, तिथे ही भाषा उगवते.

आता आपल्या अंगणात या. गावकीची वेठबिगार, मेलेली ढोरं ओढणं, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणं, या सगळ्याचं नाव होतं ‘वतन’. जणू जहागीरच दिली! शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन बंद केलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. १९३८ मध्ये काँग्रेस सरकारने ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून गेले. गोड नावाने पाणवठा खुला होत नाही, हे ते जाणत होते.

१९७८ मध्ये मराठवाड्यात नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याला आजही ‘दंगल’ म्हणतात. दंगलीला दोन बाजू लागतात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, आणि आधी चर्चा झाली ‘अनैतिक संबंधां’ची. पुढे २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही हा जातीचा नव्हे, सुडाचा गुन्हा मानला.

आमच्या माहितीतल्या एका पोराला वरातीत जातीवरून शिव्या देऊन मारलं. पोलीस ठाण्यात लिहिलं गेलं ‘किरकोळ बाचाबाची’. आम्ही चार तास बसून राहिलो, कारण त्या दोन शब्दांवर ॲट्रॉसिटीचं कलम लागणार की नाही हे ठरणार होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खैरलांजी म्हणजे ट्रेब्लिंका नव्हे. प्रत्येक अत्याचाराला ‘वंशसंहार’ म्हणत सुटलो, तर रफाएल लेम्किनने १९४४ मध्ये मोठ्या कष्टाने दिलेला तो शब्दच बोथट होईल. कमी लिहिणं जसं खोटं, तसं वाढवून लिहिणंही खोटं. ज्याची केस खरी आहे त्याला फुगवायची गरज नसते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एक सवय लावून घ्या. बातमी असो, एफआयआर असो की आपलंच पत्रक, प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी विचारा : कोणी केलं? कोणाला केलं? काय केलं? ‘तरुणाने प्राण गमावले’ असं छापून येतं, जणू पाकीटच हरवलं! ‘गमावले’ नाही, कोणीतरी घेतले. त्याचं नाव लिहा. आणि कोणी तोंडावर ‘दलितांचा प्रश्न’ म्हणालं, तर तिथंच थांबवा. दलित हा प्रश्न नाही. जात हा प्रश्न आहे, आणि ती पाळणाऱ्यांनी उत्तर द्यायचं आहे.

हिटलरचा स्टेटस ठेवणाऱ्या पोराला शिव्या देऊ नका. त्याला पाव आणि जॅमची गोष्ट सांगा, आणि वळिवड्याला घेऊन जा. उचगावातून काही लांब नाही.

जय भीम!