दंडावरची खूण

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीची खूण असते. माझ्या मावसबहिणीच्या त्या खुणेच्या कडेने एक तांबूस चट्टा उठला आणि चार वर्षं हळूहळू पसरत राहिला. खाज नाही, दुखणं नाही. घरात सगळे नायटाच म्हणायचे. मलमाच्या किती ट्यूबा संपल्या देव जाणे!

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चट्ट्यावर काच दाबून पाहिली, कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. निघालं लुपस व्हल्गारिस, म्हणजे त्वचेचा टीबी. लशीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. अगदी क्वचित ते टोचल्या जागी असा उपद्व्याप करतात म्हणे. सहा महिने गोळ्या घेतल्या, चट्टा गेला.

पण 'टीबी' ऐकताच तिच्या सासूबाईंनी तिचं ताट-भांडं वेगळं केलं, ते काही लवकर एकत्र आलं नाही. (हा असा शेजारी बसून लागत नाही, हे मी फोनवर तीनदा सांगितलं.)

असो. पुढे बाळंतपणाच्या तोंडावर तिने विचारलं, "ताई, बाळाला टोचायचं का गं?" म्हटलं, त्या बाईंनाच विचार. त्या म्हणाल्या, बाळ धडधाकट असेल तर जरूर टोचा, तान्ह्यांना मेंदूच्या टीबीपासून हीच लस जपते. टोचलं. महिन्याभराने फोड आला, तेव्हा रोज सकाळी मला त्याचा फोटो!