पटावरचे नाव

परवा 'एक होता कार्व्हर' पुन्हा वाचायला घेतले. वीणा गवाणकरांचे हे पुस्तक १९८१ साली आले, आणि पुढे नोकरीत असेपर्यंत मी त्यातली पाने वर्गात वाचून दाखवत असे. कापसाने दमलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे काळ्या शेतकऱ्यांना सांगणारा कार्व्हर मुलांना फार आवडायचा.

त्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र मी खूप उशिरा वाचले. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांवर काळे शेतकरी होते. आता ते लाखाच्याही आत आहेत. आजोबांनी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून जमीन साऱ्या वारसांची सामाईक. मग ना कर्ज, ना वादळानंतरची मदत. सरकारी शेतीखात्याने कर्जात भेदभाव केला म्हणून त्यांनी दावा लावला, त्यात १९९९ साली तडजोड झाली. तोवर अनेकांची जमीन गेलेली होती.

मंडळी, हे वाचताना मला निडीजवळची कातकरवाडी दिसू लागली. आपल्या रायगडात डोंगरउतारावर आदिवासींना कसायला दिलेल्या दळी जमिनी आहेत. कागदावर नाव नाईकाचे, कसणारी घरे अनेक. तीच गत!

तिथला एक जण माझा जुना विद्यार्थी. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर पाऊस जायलाच तयार नव्हता, तेव्हा त्याची माळावरची नाचणी आडवी झाली आणि कणसांतच दाण्यांना कोंब फुटले. खालच्या भातखाचरांचे पंचनामे झाले. याच्याकडे ना सातबारा, ना वनपट्टा. पंचनाम्यात लिहिणार तरी काय? पुढच्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आले, तेव्हा घरावरची कौलेही गेली.

मग तो माझ्याकडे आला. "गुरुजी, अर्ज लिहून द्या."

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असेल तर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे येतात. दावा ग्रामसभेकडे करायचा, सोबत किमान दोन पुरावे. वृद्धांचा लेखी जबाब चालतो, बांध-बंधारे चालतात. कायदा चांगला आहे हो. पण ज्याच्या घरात कागद टिकत नाही, त्याला तो फार लांबचा वाटतो.

वाडीतल्या म्हाताऱ्याचा जबाब मी लिहून घेतला. दगडी बांध दिसतच होते. कुटुंब इथलेच, याला आणखी आधार म्हणून शाळेचे जुने रजिस्टर पाहायचे ठरवले. नाव सापडले. १९८४ सालचे. त्यावर तांबडी रेघ आणि पुढे शेरा : 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' अक्षर माझेच.

दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन त्याचे आईबाप वीटभट्टीवर जात, पोरालाही नेत. मला ते ठाऊक होते. पण पट आणि हजेरी जुळायला हवी, म्हणून मी दर वर्षी अशी चार-सहा नावे कापत असे. कोणी विचारलेही नाही. होळीनंतर, पाऊस तोंडावर आला की ही कुटुंबे माळावर नांगर धरायला परत येत. ते लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता. कुणी वाकड्यात शिरले तर माझाच शेरा दाखवून म्हणेल, हे लोक इथे नव्हतेच.

तरीही छायाप्रत जोडली. मी सोबत निवेदन लिहिले, की कुटुंब हंगामापुरते बाहेर जाई, शेती इथेच करी. रेघ मी मारली आहे. सही केली. निकाल अजून हाती आलेला नाही.

छायाप्रत हातात घेऊन तो बराच वेळ आपल्या नावाकडे बघत होता. "म्हणजे मी दुसरीपर्यंत होतो तर," म्हणाला.

झेरॉक्सचे दोन रुपये त्याने मला देऊ दिले नाहीत.