बोपदेवचा चढ आणि दुखरी दाढ

पुण्याच्या कोंढव्यातील खडी मशीन चौक ओलांडून येवलेवाडी मागे टाकली, की रस्ता समोरच्या डोंगराला भिडतो. हा बोपदेव घाट. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ज्या दिवे घाटाने सासवडला जाते, त्याचा हा कमी नावाजलेला शेजारी. चढ अवघा तीन-चार किलोमीटरचा. मोटारीत बसलेल्या माणसाला तो चढ आहे हेदेखील नीटसे जाणवत नाही. सायकलवर बसलेल्याला त्यातील प्रत्येक वळण नावानिशी ओळखता येऊ लागते. वाचकहो, या रस्त्यावर मी तुम्हाला घेऊन जाणार आहे ते दोन कारणांसाठी. एक तर पुण्यापासून इतक्या जवळ इतका देखणा सायकलमार्ग दुसरा नाही, असे माझे मत आहे. दुसरे कारण माझ्या डाव्या दाढेशी संबंधित आहे. ते ओघाने येईलच.

घाटमाथा गाठला की दृश्य एकदम पालटते. मागे शहराचा धुरकट पसारा राहतो आणि पुढे पुरंदर तालुक्याची लाटांसारखी उंचसखल जमीन उलगडत जाते. भिवरी, बोपगाव, चांबळी, हिवरे ही गावे एकामागून एक येतात. रस्ता एखाद्या ओढ्यापर्यंत उतरतो, पुन्हा माळावर चढतो, पुन्हा उतरतो. उजव्या हाताला पुरंदर आणि वज्रगड ही जोडी सतत सोबत असते. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश. पाऊस बेताचा, पाणी जपून वापरायचे. म्हणून येथील शेतकऱ्याने अंजीर आणि सीताफळ ही कमी पाण्यावर तग धरणारी झाडे आपलीशी केली. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात ताली-बांधांमधून वाटाणा, ज्वारी आणि फुलशेतीचे तुकडे दिसतात. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या मातीचा वास सायकलवरच्या माणसाला मिळतो, काचा लावून जाणाऱ्याला नाही.

कोंढव्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर सासवड. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावरचे संगमेश्वराचे मंदिर आणि कऱ्हेकाठची सोपानदेवांची समाधी, ही दोन्ही ठिकाणे सायकल बाजूला लावून निवांत पाहावीत अशी. आचार्य अत्र्यांचा जन्म जवळच्याच कोढीत खुर्दचा. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव का दिले असावे, ते संगमाच्या पायऱ्यांवर पाच मिनिटे बसले की समजते. अंगात जोर असल्यास पुढे आणखी दहा-एक किलोमीटरवर नारायणपूर आहे. तेथील नारायणेश्वराचे यादवकालीन देऊळ अवश्य पाहावे. तेथून कापूरहोळमार्गे महामार्गाने पुण्याला परतता येते. परंतु अवजड वाहनांच्या त्या गर्दीत सायकल घालण्यात मला अर्थ वाटत नाही. आल्या वाटेने परतावे.

आता दाढेविषयी.

पंचवीसहून अधिक वर्षे मी सर्वसाधारण रुग्णसेवा करीत आहे आणि तितकीच वर्षे रुग्णांना ‘व्यायाम करा’ असे सांगत आले. स्वतः मात्र दवाखान्याच्या खुर्चीतून घरच्या खुर्चीत, असा माझा प्रवास होता. पन्नाशीनंतर लेकीची गिअरची सायकल पडून होती ती घेतली. आमच्या इमारतीतील एक शिक्षिका सोबतीला आल्या. वर्षभरात रविवारची सासवड-फेरी हा आमचा नेम झाला. मी चोपन्न वर्षांची होते. रजोनिवृत्ती होऊन चार वर्षे झालेली, रक्तदाब एका गोळीने आटोक्यात, वडिलांना साठीच्या आत हृदयविकार झालेला. ही माहिती एखाद्या रुग्णाच्या कागदावर असती, तर मी तिच्याखाली रेघ ओढली असती.

डिसेंबरच्या एका थंड पहाटे, घाटाच्या दुसऱ्या वळणावर डाव्या खालच्या दाढेत ठणका सुरू झाला. छातीत काहीही नाही. घाम तर चढामुळे येणारच. माथ्यावर थांबून पाणी प्यायले, दोन-तीन मिनिटांत ठणका गेला. उतारावर नाही, चांबळीपर्यंत नाही. परतताना, सासवडकडून येणारा तो लबाड लांबट चढ लागला, तेव्हा पुन्हा तेच. पुढच्या रविवारी तसेच. त्याच्या पुढच्याही. थंड वाऱ्याने दात शिवशिवतात, असे मी स्वतःला समजावले आणि तोंडावर रुमाल बांधला. तीन आठवडे मी तो रुमाल बांधून घाट चढत होते, हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेवटी दंतवैद्य असलेल्या मैत्रिणीकडे गेले. तिने दाढा ठोकून पाहिल्या, क्ष-किरण चित्र काढले, सारे ठीक.

“दुखतं कधी?” तिने विचारले.

“घाट चढताना.”

“आणि उतरताना?”

“नाही.”

तिने हातातला आरसा खाली ठेवला. “अगं, दाढेला चढ-उतार कळत नाहीत. तुझ्या एखाद्या पेशंटनं हे सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच काही. त्याच संध्याकाळी काढलेला ईसीजी निर्दोष होता, आणि येथे तुम्ही जरा थांबावे अशी माझी विनंती आहे. विश्रांतीच्या स्थितीत काढलेला ईसीजी निर्दोष असला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही. हृदयाला अधिक रक्त लागते ते श्रमांच्या वेळी. अरुंद झालेली वाहिनी त्याच वेळी कमी पडते. ट्रेडमिलवरच्या चाचणीत तिसऱ्या टप्प्याला दाढ दुखली आणि आलेखही बदलला. अँजिओग्राफीत डाव्या बाजूची मुख्य शाखा बरीच अरुंद झालेली दिसली. स्टेंट बसवला.

हृदयाची वेदना छातीतच, डावीकडेच, असते असे नाही. जबडा, घसा, खांदा, दंड, पाठ, पोटाचा वरचा भाग, कोठेही ती उमटू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी वेदनेऐवजी केवळ धाप किंवा अनाकलनीय थकवा असतो. तिची खूण जागेपेक्षा वेळेत अधिक आहे: श्रम करताना येते, थांबल्यावर जाते. थंडी, भरलेले पोट आणि सकाळचा पहिला चढ यांनी ती लवकर येते. अशी कोणतीही तक्रार तुमच्या ध्यानात आली, तर चढ तेथेच सोडून द्यावा आणि डॉक्टरांकडे जावे. थांबूनही काही मिनिटांत ती शमली नाही, तर सायकल रस्त्यावर सोडून 108 क्रमांकाला दूरध्वनी करावा. सायकल मागाहून आणता येते.

चाळिशी उलटलेल्या, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घराण्यातील हृदयविकार यांपैकी काही पदरी असलेल्या वाचकांनी घाटाला हात घालण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. आरंभ सपाट रस्त्यावर करावा. अशा उंचसखल मार्गाचा मोठा गुण असा, की तो श्रम आणि विसावा आपोआप आलटूनपालटून देतो. मात्र चढावर गिअर हलका करून पाय भराभर फिरवण्याची सवय हवी. जड गिअर रेटत राहिल्याने गुडघे दुखतात आणि रक्तदाबही अधिक चढतो. माथ्यावर पोहोचताच एकदम थांबून उभे राहू नये. पायांत साचलेले रक्त परतायला वेळ लागतो आणि भोवळ येते; दोन मिनिटे हलके पाय मारत राहावे. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, हप्त्याहप्त्याने दाबावेत. उन्हाळ्यात नऊच्या आत परतीला लागावे, कारण त्यानंतर पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि सपाटीचाही चढ करून टाकतो. घाटात अंधारात किंवा एकटे जाऊ नये. खडी वाहणाऱ्या गाड्या असतात, कुत्री असतात, आणि मदतीला कोणी जवळ नसते.

स्टेंटनंतर तीन महिने देखरेखीखालील व्यायाम, मग पुन्हा ट्रेडमिल, मग सपाट रस्ता. घाटाला परवानगी मिळेपर्यंत वर्ष सरले होते. आता माझ्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे. त्याने नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांना माझ्यापुरता अर्थ उरलेला नाही. मी जुनीच कसोटी वापरते: चढावर सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की वेग कमी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडू शकतो, म्हणून शिरस्त्राणावाचून मी फाटकाबाहेरही पडत नाही.

परतीची ती पहिली सकाळ मार्चची होती. दुसरे वळण जवळ आले तसे माझे सारे लक्ष जिभेच्या टोकाशी, त्या दाढेपाशी जमा झाले. शिक्षिका शेजारून म्हणाल्या, “डॉक्टर, बोला काहीतरी. गप्प बसलात तर मला भीती वाटते.” मी त्यांना सातचा पाढा म्हणून दाखवला. सत्तरपर्यंत दम तुटला नाही. दाढ दुखली नाही.

चांबळीच्या अलीकडे एक आजी रस्त्याकडेला अंजिरांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. मीठ्या बहाराची फळे, जांभळट, देठापाशी चीक सुकलेली. “दोन किलो घ्या की, घरी न्यायला,” त्या म्हणाल्या. पिकलेले अंजीर सायकलवरून पुण्यापर्यंत नेले तर घरी त्याचा मुरंबाच पोहोचतो. आम्ही तेथेच बांधावर बसून चार-चार खाल्ली. शिक्षिकांना मधुमेह आहे. त्यांना मी दोनच खाऊ दिली, आणि त्यांनी माझी नजर चुकवून तिसरे उचललेले मला दिसले.