जमिनीचा बेबाकी दाखला

सोसायटीचं कर्ज फिटलं की शेतकऱ्याला बेबाकी दाखला मिळतो. बे म्हणजे विना, बाकी म्हणजे उरलेलं. देण्याघेण्यातलं काही उरलं नाही, एवढंच तो कागद सांगतो. उर्दूत बेबाक हा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ निर्भीड. उर्दूत हे दोन शब्द लिहिताना एकात क़ाफ येतो, दुसऱ्यात काफ. देवनागरीत नुक्ता सोडला की दोन्ही सारखेच दिसतात. मुळं वेगळी असली तरी मुलांना शिकवताना मला ही जोडी आवडते. ज्याच्याकडे कुणाची बाकी नाही, त्याला मान वर करून बोलता येतं.

पण जमीन कधी बेबाक होते का?

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ कार्सन नावाचं शहर आहे. तिथल्या कॅरोसेल या वस्तीत २८५ घरं आहेत. १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत या सुमारे ४४ एकर जागेवर शेल कंपनीचे कच्च्या तेलाचे तीन प्रचंड हौद होते. पुढे जागा विकली गेली, हौद मोडले, त्यावर माती पसरली आणि घरं उभी राहिली. लोकांनी कर्ज काढून ती घेतली. अंगणात झाडं लावली, मुलं त्याच मातीत खेळून मोठी झाली. २००८ मध्ये शेजारच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेची तपासणी चालू असताना या वस्तीखालच्या तेलाचा पत्ता लागला. घरं बांधून तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती.

अशी तपासणी चिकाटीचं काम असतं. एका ठिकाणची माती स्वच्छ निघाली म्हणून चार हातांवरची स्वच्छ असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक अंगणात, वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून नमुने घ्यावे लागतात. मातीच्या कणांमधली हवा वेगळी तपासतात, घराच्या फरशीखालची वेगळी, खोलीतली वेगळी आणि भूजल वेगळं. कारण पेट्रोलियम हा एक पदार्थ नाही, शेकडो पदार्थांचं मिश्रण आहे. बेंझिनसारखे हलके घटक वाफ होऊन फटींतून घरात येऊ शकतात, आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जड घटक मातीला चिकटून बसतात. मातीतले जीवाणू तेल खातात, ही अल्लाहची मोठी सोय आहे. पण त्यांना प्राणवायू लागतो. तो नसेल तिथे काम फार सावकाश चालतं आणि मिथेन तयार होतो. कार्सनमध्ये बेंझिनही सापडलं आणि मिथेनही.

२०११ मध्ये तिथल्या पाणी गुणवत्ता मंडळाने कंपनीला सफाईचा आदेश दिला. २०१४ मध्ये रहिवाशांच्या दाव्यात कंपनीने ९ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. २०१५ मध्ये सफाईचा आराखडा मंजूर झाला. अंगणातली माती ५ फुटांपर्यंत काढायची, काही ठिकाणी १० फुटांपर्यंत, आणि खालची वाफ यंत्राने ओढून घ्यायची. घरं मात्र पाडायची नाहीत. म्हणजे घरांखालचं आणि त्याहून खोल असलेलं काही तसंच राहणार.

इथेच बेबाकीचा प्रश्न येतो. अशा जागेची फाइल सरकार बंद करतं, तेव्हा सगळं तेल निघालं असा त्याचा अर्थ नसतो. जे उरलं आहे त्याने तिथे राहणाऱ्यांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धोका नाही, इतकाच असतो. सोबत अनेकदा अटी येतात: अमुक खोलीखाली परवानगीशिवाय खोदू नका, विहीर पाडू नका. शास्त्र म्हणून हे चुकीचं नाही. शेवटचा थेंब काढायचा तर वस्तीच उखडावी लागेल. पण बाकी ठेवून फाइल मिटवायची असेल, तर ती बाकी कुणाच्या नावावर राहते हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

आपल्याकडे जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सांगतो, मय्यतवर कुणाचं देणं असेल तर आम्हाला सांगा. माणूस गेला तरी देणं जात नाही. ते आधी त्याच्या मालमत्तेतून फेडायचं, मग वारसांचे हिस्से. कंपनी जागा विकून निघून जाते तेव्हा असं कुणी उभं राहत नाही. व्यापाराबद्दलही आपल्याला शिकवलेलं आहे की मालातला ऐब लपवून विकणं हलाल नाही. कापडाचा ऐब उलटून पाहिला की दिसतो. मातीचा ऐब दहा फूट खाली असतो, म्हणून सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर जास्त येते. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, ही कार्सनच्या रहिवाशांची तक्रार मला पैशांच्या तक्रारीपेक्षा मोठी वाटते.

प्लॉट घेताना आपण सातबारा काढतो, इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का ते पाहतो. मातीत काय मुरलं आहे ते तिथे दिसत नाही. भारतातही दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम २०२५ मध्ये आले आहेत, पण कायदा दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर स्वतः विचारावं. इथे आधी काय होतं? पेट्रोल पंप, गॅरेज, तेलाचं गोदाम, ट्रकचा तळ? जमिनीत टाकी होती का? असली तर ती काढली का, आणि काढल्यावर खालची माती कुणी तपासली? विकणाऱ्याला राग आला तरी चालेल. शेजारच्या जुन्या माणसांनाही विचारावं. आणि कधी आपल्यावर विकण्याची वेळ आली, तर माहीत असलेलं समोरच्याने विचारायच्या आधी सांगावं.