गोरोबाकाकांचें थापटणें

संगणकावर प्रश्नमंजूषा रचून देणारें एक साधन आम्ही महाविद्यालयांत वापरतों. त्याच्या फेररचनेसाठीं शिक्षकांच्या सूचना मागविण्यांत आल्या, तेव्हां कोणी नवे रंग सुचविले, कोणी धांवतें घड्याळ. आमचें म्हणणें निराळें होतें, आणि त्यास तसेंच कारण घडलें होतें.

सामान्यज्ञानाच्या चांचणींत ‘तेर हें गांव कोणत्या जिल्ह्यांत आहे?’ असा एक सोपा प्रश्न आम्हीं घातला. उत्तराच्या जागीं ‘धाराशिव’ एवढा एकच शब्द भरून आम्ही निश्चिंत झालों. २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव बदललें खरें. परंतु जुनें नांव जिभेवरून थोडेंच पुसलें जातें! ज्यांनीं ‘उस्मानाबाद’ लिहिलें, त्यांस यंत्रानें शून्य दिलें. खुद्द तेरच्या एका मुलीनें लिहिलें होतें, ‘आमच्याच!’ तिलाहि शून्यच. पुढच्या चांचणींत तिनें पुस्तकापलीकडचें एक अक्षरहि लिहिलें नाहीं. तें पाहून आम्ही खजील झालों.

यंत्रास दोष देणें सोपें आहे. परंतु दिलेल्या पर्यायांतून एक उत्तर निवडावयाची परीक्षा अमेरिकेंतील कॅन्सस येथें फ्रेडरिक केली यांनीं १९१५ च्या सुमारास रूढ केली, ती तपासणीचा वेळ वांचावा आणि तपासनिसाची लहर आड येऊं नये म्हणूनच. उत्तरपत्रिकांच्या ढिगापुढें बसून आम्हींहि ठराविक शब्द शोधूनच कितीदां गुण दिले आहेत! यंत्रानें आमचीच खोड उचलली. उलट शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, परितेवाडीच्या शाळेंत, रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडले. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र मुलाजवळ जाण्यासाठींहि वापरतां येतें तें असें.

तेरच्याच गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. मडकीं घडविण्याचें थापटणें घेऊन त्यांनीं जमलेल्या संतांचीं डोकीं पारखलीं आणि नामदेवांस कच्चे ठरविलें. नामदेव रुसले, पण तो निकाल शेवटचा ठरला नाहीं. त्यांतूनच ते विसोबा खेचरांकडे गेले. थापटणें लांकडाचेंच होतें. ऐकणारा कान मात्र काकांचा होता.

म्हणून आम्हीं एवढीच सूचना लिहून दिली, कीं यंत्रानें चूक ठरविलेलें उत्तर शिक्षकानें वाचल्याखेरीज विद्यार्थ्यास शून्य दिसूं नये. ती मान्य होईल, न होईल. त्या मुलीस मात्र आम्हीं तिचा गुण परत दिला. ती हंसली. पुढील चांचणींत ती काय लिहिते, याची आम्ही वाट पाहत आहों.