मोटारीत शिरणारा धूर

वासाची सवय माणसाला फार लवकर होते. रोज तीच मोटार चालवणाऱ्याला जो वास चार दिवसांत जाणवेनासा होतो, तो कधीतरी बसणाऱ्या पाहुण्याला दार उघडताच जाणवतो. पाहुणा संकोचाने बोलत नाही. घरचा माणूस फार तर सुगंधी डबी आणून आरशाला टांगतो, आणि खरा दोष तसाच राहतो.

सांगलीकडच्या एका कुटुंबात हेच घडले. बारा वर्षे वापरलेली पेट्रोलची मोटार. पुढे वडील आणि मुलगा, मागे सासूबाई, सून आणि सहा वर्षांचा नातू. दशलक्षण पर्वात कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जाण्याचा त्यांचा परिपाठ. परतताना सासूबाईंचे डोके जड होई, मळमळ सुरू होई. उपवास असल्यामुळे पित्त झाले, असे सर्वांनी धरून घेतले. नातू घर आले तरी झोपेतून उठत नसे. त्याला गाडी लागते, असे ठरले. घरी येऊन तासभर झाला की दोघांनाही बरे वाटे. हा प्रकार तिसऱ्यांदा झाला तेव्हा सून म्हणाली, "आई, घरी उपवास करता तेव्हा तुमचे डोके कधी दुखत नाही. गाडीत बसलात की मगच का दुखते?"

प्रश्न साधा होता, पण तो विचारायला तीन फेऱ्या जाव्या लागल्या.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. नाकाला जाणवतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा व धुरातील इतर घटकांचा वास; हा वायू त्यांच्या सोबतीने गुपचूप आत येतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी पडू लागतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे, म्हणजे नेमकी तीच, जी आपण पित्ताच्या किंवा गाडी लागण्याच्या नावावर टाकतो. मुलांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांना हा त्रास लवकर होतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते, कारण या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच दिसते. आकडा 98 दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. प्रवासात अशी लक्षणे दिसली तर मोटार थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, आणि डॉक्टरांकडे जावे लागले तर गाडीत धुराचा वास होता हे आवर्जून सांगावे. ते रक्ततपासणी करून घेतील.

या कुटुंबाच्या मोटारीचे पीयूसी प्रमाणपत्र मुदतीत होते, आणि वडिलांचा सारा भरवसा त्यावरच होता. पण ती तपासणी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाशी होते. वाटेत एखाद्या जोडातून धूर गळत असेल, तर ते प्रमाणपत्र त्याविषयी काहीच सांगत नाही.

मिस्त्रीने आधी विचारले की वास केव्हा येतो. चांगल्या मिस्त्रीची हीच ओळख. गाडी सिग्नलला उभी असताना, ब्लोअर बाहेरची हवा घेत असताना वास आला, तर संशय इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर जातो; कारण ती हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत येते. असे पॅकिंग गेले असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो मंदावतो. येथे मात्र वास गाडी धावत असतानाच, आणि मागे बसणाऱ्यांनाच येत होता. धावत्या मोटारीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो व धूर तेथेच घोटाळतो. पुढच्या काचा थोड्या उघडल्या की आतली हवा बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा घ्यायला मागच्या फटींतून धूर आत येतो. वास येतो म्हणून काच उघडावी, तर वास वाढावा, असा हा उलटा न्याय आहे.

गाडी वर घेतल्यावर सायलेन्सरच्या मागच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला. जोड आतून गंजला होता. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आत साचलेले पाणी वाळत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. दुसऱ्या गॅरेजने पूर्वी त्यावर लांबी भरली होती. उष्णतेने ती केव्हाच झडली होती. या मिस्त्रीने मागचा भागच बदलला.

तेवढ्यावर तो थांबला नाही, हे महत्त्वाचे. ताळेबंदातली एक चूक सापडली की दुसरी नसेलच असे मानणाऱ्याचा हिशेब पुन्हा चुकतो. डिकीच्या दारात कागदाची पट्टी ठेवून त्याने दार लावले आणि पट्टी ओढली. ती दोन ठिकाणी अलगद निघून आली, म्हणजे तेथे रबर दबत नव्हते. जादा चाकाखालच्या पत्र्यातले एक रबरी बूचही निसटलेले होते. सायलेन्सरचा जोड गळत नसता तरी मागचा धूर या वाटांनी थोडाफार आत आलाच असता. रबर नवे बसले, बूचही लागले.

ही सारी तपासणी उघड्या जागेत व्हावी. दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन थोडा वेळसुद्धा चालू ठेवू नये, आणि थांबलेल्या मोटारीत एसी लावून कोणी झोपू नये. सीएनजी किट नंतर बसवून घेतलेल्या मोटारींत नळ्यांसाठी डिकीच्या तळाला छिद्रे पाडलेली असतात. त्यांभोवतीचे रबर जागेवर आहे की नाही, हे टाकीच्या तपासणीच्या वेळीच पाहून घ्यावे.